त्रिशूळ

जुलैमध्ये रामटेकजवळ, खिंडसी तलावाच्या बाजूला आमचं दोन दिवसांचं साहस शिबिर होतं. नागपूरच्या दोन शाळांमधली नववीची १६ मुलं. पहिल्या सकाळी तर्री-पोहे संपायच्या आत पाऊस सुरू झाला. ओल्या खडकावर दोर लावायचा प्रश्नच नव्हता. दोन्ही शाळा हॉलच्या दोन भिंतींना धरून बसल्या.

आधी मी घोळ घातला. सगळ्यांना मोबाइलवर एकत्र खेळायचा एक गेम दिला. माना खाली गेल्या, हॉल गप्प. अर्धा तास असाच गेला.

मग लॅपटॉप काढला. ‘कीप टॉकिंग अँड नोबडी एक्स्प्लोड्स’ हा २०१५चा गेम. बॉम्ब एकालाच दिसतो. तो निकामी कसा करायचा, हे २३ पानांच्या पुस्तिकेत असतं आणि पुस्तिका बाकीच्यांच्या हातात. त्यांनी स्क्रीनकडे बघायचं नाही. पहिल्या बॉम्बला ५ मिनिटं. तिसऱ्या चुकीला स्फोट. पुस्तिका फुकट मिळते, मी छापूनच नेली होती. दोन्ही शाळा मिसळून चौघाचौघांचे गट केले.

पहिले तीन बॉम्ब फुटले. वायरी सोप्या, खरी गंमत चिन्हांच्या बटणांवर.

“अबे त्रिशूळ म्हणून राहिलो ना!”

“चांदणी सांग आधी. भरलेली का पोकळ?”

सगळ्यात मोठ्या आवाजाच्या पोराला स्क्रीनसमोर बसवलं, तर त्याला एक चिन्ह धड सांगता येईना. पुस्तिका इंग्रजीत, त्यामुळे ज्याचं इंग्रजी पक्कं तोच साहेब व्हायला लागला. मग मी पानं सुटी करून वाटली आणि दर बॉम्बला जागा बदलल्या. प्रत्येक स्फोटानंतर लॅपटॉप मिटून एवढंच विचारायचो: कुठे अडलं? चौथ्या वेळी एकीने नियम काढला, ऐकलेलं आधी परत म्हणायचं, मगच पान उलटायचं. माझ्या मते तिथे गट जमला. घरी दिवसभर गेम खेळणारा एक जण मात्र शेवटपर्यंत कंटाळलेलाच होता.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. वर चढणारी ओरडली, “स्लॅक!” म्हणजे दोर सैल सोड. खालून बिले देणारा, म्हणजे तिचा दोर सांभाळणारा, दुसऱ्या शाळेचा. तो म्हणाला, “स्लॅक देतोय.” मी शिकवायच्या आधीच.

‘ऐकू आलं नाही, परत सांग’ यासाठी त्यांनी ‘त्रिशूळ’ हा शब्द ठरवला होता. दोरावर मी तो चालू दिला नाही. तिथले शब्द ठरलेले असतात. जेवणाच्या रांगेत मात्र वाढणाऱ्या काकांनाही “काका, त्रिशूळ!” ऐकावं लागलं.