मोनोपोलाइझ आणि फेडरेशनचा कापूस

शिरपूरच्या ज्युनिअर कॉलेजात बारावीला त्या दिवशी ‘मोनोपोलाइझ’ हा इंग्रजी शब्द घेतला होता. अर्थ सोपा, एखादी गोष्ट आपल्याच ताब्यात ठेवून इतरांना शिरकाव न देणं. पोरं अडकतात ती वाक्यात. आपण ‘बाजारावर मक्तेदारी’ म्हणतो, म्हणून ती हमखास ‘मोनोपोलाइझ ऑन द मार्केट’ लिहितात. नाम असेल तर ‘ऑन’ किंवा ‘ऑफ’ चालतं, क्रियापदाला थेट कर्मच हवं: ‘मोनोपोलाइझ द मार्केट’. गप्पांत दुसऱ्याला तोंडच उघडू न देणाऱ्यालाही हेच क्रियापद लागतं, हे सांगितल्यावर सगळ्यांनी मागच्या बाकावरच्या एकाकडे पाहिलं.

त्यानेच वाक्य वाचलं: ‘द गव्हर्नमेंट मोनोपोलाइझ्ड माय ग्रँडफादर्स कॉटन.’ वर्ग हसला. व्याकरण चोख होतं. अर्थाचं मात्र मला लगेच ठरवता येईना.

योगायोगाने त्याचे आजोबा फॉर्मवर सही करायला ऑफिसात आलेले. विचारलं तर खुर्ची ओढून बसलेच. १९७२ ला राज्य सरकारची कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली. कापूस फेडरेशनलाच, म्हणजे सरकारसाठी खरेदी करणाऱ्या सहकारी संघालाच घालायचा, व्यापाऱ्याला विकायचा नाही आणि राज्याबाहेर तर न्यायचाच नाही. केंद्रावर गाड्यांची रांग, ग्रेडर कापूस चिमटीत धरून प्रत ठरवणार, चुकारे यायचे तेव्हा यायचे. भाव पडला की हमीभावाचा आधार असायचा, हेही ते सांगायला विसरले नाहीत. पण पलीकडे मध्य प्रदेशात सेंधव्याला भाव चढला की रात्री आडवाटेने कापूस हद्द ओलांडायचा. “सर, इकनारा गावभर, लेनारा एकच,” म्हणाले. स्वतःची गाडी गेली होती का, या प्रश्नावर त्यांनी चहा मागवला.

अर्थशास्त्राचे सर शेजारीच पेपर तपासत होते. म्हणाले, एकच विकणारा तो मोनोपॉली, एकच घेणारा तो मोनोप्सोनी; ब्रिटिश अर्थतज्ज्ञ जोन रॉबिन्सन यांनी १९३३ साली हा शब्द रूढ केला. त्यांच्या हिशेबाने पोराचं क्रियापदच चुकलं. मला ते पटलं नाही. रोजच्या इंग्रजीत खरेदी एकट्याने बळकावली तरी मोनोपोलाइझच म्हणतात. फक्त ताब्यात गेला तो व्यापार. म्हणून ‘कॉटन’पुढे ‘ट्रेड’ घातलं, आजोबांना वाक्यातून काढलं आणि पूर्ण गुण दिले. आजोबांना काढलेलं पोराला आवडलं नाही.