ट्रंकेतली गंजकी काडतुसं आणि पॉलिश पेपर

खंडेनवमी जवळ आली की आमच्याकडं कोयते, विळे, कुदळी, ट्रॅक्टरचे पाने सगळं धुऊन पुसून पूजेला बाहेर येतं आणि त्यात कुणाच्या तरी ट्रंकेतून दोन-चार काडतुसं पण येतात. सातारा जिल्हा आहे बाबांनो, अपशिंगे मिलिटरीसारखी गावं आहेत इथं, पिढ्यान् पिढ्या फौजेत, मग आठवण म्हणून आणलेली गोळी हळद-कुंकू लावून जळत्या निरांजनाशेजारी मांडलेली मी स्वतः बघितलीय. मी आर्मीत आर्मरर (म्हणजे बंदुका दुरुस्त करणारा) होतो, हवालदार म्हणून रिटायर झालो (गावात मेजर म्हणतात, रिटायर फौजी म्हणजे मेजरच, त्याला इलाज नाही), त्यामुळं असलं काही निघालं की फोन मला येतो.

यंदा आमच्या आळीतल्या वहिनींचा आला. "भावजी, ह्यांच्या ट्रंकेत गोळ्या घावल्यात, पार गंजल्यात, पोरगं घासतंय, घासू दे का?" मी म्हटलं आधी त्याला खाली ठेवायला सांगा आणि हात धुवायला पाठवा, मी आलोच. जाऊन बघतो तर पोरगं गच्चीवर पॉलिश पेपर घेऊन बसलेलं, शेजारी रॉकेलची वाटी, म्हणे "काका, चकाचक करून कीचेन करतो पप्पांची आठवण". पप्पा १९८७ ते ९० च्या श्रीलंकेच्या शांतिसेनेत होते, तिकडून आणलेली असणार. त्या काळात समोरच्या एलटीटीईच्या पोरांकडं एके टाईपच्या बंदुका भरपूर होत्या आणि त्यांची काडतुसं बऱ्याचदा पोलादी पुंगळीची (पुंगळी म्हणजे दारू भरलेली मागची नळी) असायची.

हे पोलादी प्रकरण आपल्याकडं फारसं कुणाला माहीत नसतं. आपल्या फौजेच्या बंदुका, थ्री नॉट थ्री, एसएलआर, इन्सास, सगळ्यांच्या पुंगळ्या पितळी. रशिया-चीनवाल्यांनी पितळ महाग म्हणून पोलाद वापरलं आणि गंजू नये म्हणून वरून लाखेचा किंवा तांब्याचा पातळ थर दिला. ओळखायचं सोपं, लोहचुंबक पुंगळीला चिकटला की पोलाद. (बुडावरचे नुसते आकडे वाचून रशियन का चिनी ते पण बऱ्याचदा कळतं, १७ असेल तर रशियातला बार्नौलचा कारखाना, ६० असेल तर सोव्हिएत काळातला फ्रुंझेचा, पण हा आमच्यासारख्यांचा शौक, तुम्ही त्यासाठी उचलून बघत बसू नका.) तो थर शाबूत आहे तोवर माल सीलबंद डब्यात वर्षानुवर्षं टिकतो, पण एकदा ओरखडा गेला आणि आपला पावसाळा लागला की तिथून तांबेरा सुरू होतो आणि थराखालून पसरत जातो. म्हणजे वरून जेवढा दिसतो त्यापेक्षा आत जास्त असू शकतो.

पितळ म्हणजे सेफ असं पण समजू नका. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानात पावसाळ्यात पितळी काडतुसांना आपोआप चिरा जायच्या, कुणाला कळेना का, शेवटी १९२१ मध्ये कारण नीट पुढं आलं की घोड्यांच्या पागेजवळ ठेवलेला माल, लिदमुतातला अमोनिया हवेत, आणि पुंगळी ओढून बनवताना धातूत राहिलेला ताण, दोन्ही मिळून तडा. आपल्याकडं जुनी ट्रंक कुठं असते? गोठ्याच्या माळ्यावर.

आता घासलं तर काय बिघडतं. गंज म्हणजे पोलादच खाल्लेलं असतं, घासून खड्डा भरत नाही, उलट भिंत अजून पातळ होते आणि दिसायला मात्र चकचकीत. असलं चकचकीत राऊंड उद्या कुणी बंदुकीत घातलं तर? एकेच्या काडतुसात फायर होताना दाब साधारण ५० हजार पीएसआय (टायरची हवा मोजतात तेच माप) जातो, एसटीच्या टायरमध्ये शंभर-सव्वाशेच्या आसपास असतो, म्हणजे विचार करा. पितळ फुगून चेंबरला (बंदुकीतल्या काडतूस बसायच्या जागेला) चिकटतं आणि गॅस अडवतं, पोलाद तेवढं लवचिक नाही, त्यात बुडाजवळ खड्डे पडलेले असले तर पुंगळी तिथंच फाटते आणि तापलेला गॅस मागं तोंडावर येतो. शिवाय मानेजवळ, म्हणजे पुंगळीच्या तोंडाशी, गंजानं पुढची गोळी पुंगळीला धरून बसते, सुटायला उशीर, दाब अजून वर.

रॉकेल, डब्ल्यूडी फोर्टी, खोबरेल तेल यातलं काहीही नको. "तेलानं प्रायमर मरतो ना काका" असं पोरगं म्हणालं (प्रायमर म्हणजे बुडातली दारू पेटवणारी छोटी टोपी). कधी मरतो, कधी नाही, आणि मेला का जिवंत हे बाहेरून कळत नाही, तोच तर घोळ आहे. पाण्याचं पण तेच. २०१९ च्या महापुरात सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं (धोक्याची पातळी ४५), तिकडच्या एका मित्राच्या घरातली पेटी पाण्यात होती, तो म्हणाला आता त्या गोळ्या फुसक्या झाल्या असतील. काही सांगता येत नाही राव, प्रायमरच्या कडेला आणि गोळीच्या मानेला लाखेचं सील असतं, ते पाणी अडवायलाच दिलेलं असतं.

पक्कडीनं गोळी उपसून दारू काढून टाकू म्हणणारे पण भेटतात, त्यांना हात जोडून सांगतो नको. गंजलेली गोळी ओढताना काय झटका बसेल आणि प्रायमर कुठं आपटेल याचा नेम नाही. आतली दारू जुनी होऊन सडली असेल तर आम्ल सोडते आणि पुंगळी आतून खाते, अशा वेळी बाहेर फोडासारखा गंज उठतो, तसं दिसलं तर अजिबातच हात नको. ड्रिल, कानस, शिकंजा, विस्तव, सगळं बंद. विस्तवात टाकलं तर बंदुकीसारखी गोळी लांब जात नाही हे खरं, पण पुंगळी फुटून तुकडे आणि प्रायमर उडतात, डोळा जायला तेवढं पुरतं. भंगारवाल्याला देणं म्हणजे हाच धोका त्याच्या भट्टीत नेऊन टाकणं. आणि टोकाला रंग असेल, उदाहरणार्थ रशियन पद्धतीत हिरवं टोक म्हणजे ट्रेसर (जाताना उजेडाची रेघ सोडणारी गोळी), तर आत अजून जळणारा मसाला असतो, आणि गंजानं रंगच खाल्ला असेल तर ते पण ओळखू येत नाही. ग्रेनेड किंवा मोर्टारसारखं काही निघालं तर ट्रंकेचं झाकण पण परत लावत बसू नका, सरळ सगळे घराबाहेर.

मग करायचं काय. आहे तिथं राहू द्या, खोलीला कडी, पोरंबाळं लांब, गॅस-दिवा-विडी बंद, आणि पोलीस स्टेशनला किंवा ११२ ला फोन. पिशवीत घालून स्वतः गाडीवर घेऊन जाऊ नका, वाटेत आपटायचा धोका आहेच आणि लायसन नसताना जिवंत काडतूस बाळगणं १९५९ च्या आर्म्स ॲक्टखाली गुन्हा आहे. तुमच्याकडं बारा बोअरचं (छऱ्याच्या बंदुकीचं) लायसन असलं तरी ते या काडतुसांना चालत नाही. लोक इथंच घाबरतात, "उगाच केस होईल" म्हणून विहिरीत टाकतात. अहो, त्याच कायद्यात कलम २१ आहे, ज्याच्याकडं ठेवणं बेकायदेशीर झालंय त्यानं उशीर न करता जमा करायचं. सापडल्या सापडल्या कळवलं तर तुमची बाजू साफ राहते, माहीत असून दडवलं की अवघड. धाकधूक असेल तर ओळखीच्या वकिलाला सोबत घ्या.

वहिनींच्या घरी पोलीस आले, पंचनामा झाला, जबाब लिहिला, वहिनींनी त्यांना चहा पण पाजला. पोरगं जरा हिरमुसलं होतं, मी म्हटलं आठवण पाहिजे तर पप्पांची मेडलं फ्रेम करून लाव की, ट्रंकेत पडलीत तशीच.

शेतकरी मंडळींसाठी एवढंच, ज्यांच्याकडं पीक संरक्षणाचं लायसन आहे त्यांनी बारा बोअरच्या काडतुसांची बुडं बघत जा, बरीचशी पोलादाचीच असतात, वर नुसता पितळी मुलामा. बुडाला खड्डे, प्रायमरभोवती गंज किंवा फुगवटा दिसला तर वापरू नका, डीलरकडं किंवा स्टेशनला जमा करा. घोडा दाबून बार उडाला नाही तर लगेच बंदूक उघडू नका, नळी मोकळ्या बाजूला धरून मिनिटभर थांबा, बार उशिरा पण उडतो. आवाज नेहमीपेक्षा बारीक आला तर दुसरा बार टाकायच्या आधी बंदूक रिकामी करून नळीत काही अडकलंय का, नळीतून उजेड दिसतोय का बघा.

आणि ट्रंकेत काही निघालं तर लांबून काढलेला फोटो मला पाठवा, चालेल. गावच्या ग्रुपवर टाकू नका, निम्मी आळी बघायला घरात येते.