मूठभर दाणे

आमच्याकडे मंगळवारी बाजार भरतो. त्या दिवशी दवाखान्यात गर्दी दुप्पट असते, कारण भाजी विकायला आलेल्या बाया जाता जाता लेकरूही दाखवून घेतात. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, अकरा वर्षं झाली. माझी खोली म्हणजे एक टेबल, वजनकाटा, दंडघेर मोजायच्या पट्ट्या आणि मागच्या बाजूला एक छोटं स्वयंपाकघर. तिथे आमच्या मावशी भरती झालेल्या लेकरांसाठी रांधतात.

त्या मंगळवारी साडेअकराच्या सुमारास एक आजी नातीला कडेवर घेऊन आल्या. पोर सतरा महिन्यांची. दोन आठवड्यांपूर्वी मीच तिची फाईल केली होती : वजन ७.६ किलो, दंडघेर १२.१ सेंटिमीटर. म्हणजे मध्यम कुपोषित. भरती करायची नाही, घरीच खायला घालून वर आणायची. आई ऊसतोडीच्या टोळीबरोबर गेलेली, म्हणून पोर आजीकडे.

काट्यावर ठेवली तर ७.५. शंभर ग्रॅम कमी.

वजन घटलं की माझा ठरलेला प्रश्न असतो : काल सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत पोरीच्या पोटात काय काय गेलं? आजी सांगू लागल्या. चहात बुडवलेलं बिस्कीट, थोडा वरणभात, भाकरीचा तुकडा, तोही थुंकलेला. खोकला होता, अंग कोमट होतं. गावातल्या डॉक्टरांकडून खोकल्याचं औषध चालू होतं. मी फाईल बघून विचारलं, "आणि शेंगदाणे, आजी?"

"आयतवारपासून बंद केलेत."

"का?"

"ठसका लागला व्हता तिला, म्याडम. लई लागला. व्हट निळे पडले व्हते. मी पाठीत थापटलं, तोंडात बोट घातलं, मग थांबली. गिळला असंल म्हनून पाणी पाजलं. पर मला भ्या वाटलं, मग न्हाई दिले."

मी पेन खाली ठेवलं. "अख्खे दाणे देत होता?"

"तुमीच तर सांगितलं व्हतं, मूठभर द्यायचे. रोज धा-बारा मोजून देत व्हते. तिची मूठ केवढी, म्हनून."

आजींच्या बोलण्यात तक्रार नव्हती. सांगितलेलं नीट पाळलं, एवढंच त्या सांगत होत्या. माझ्यासमोर उघड्या फाईलवर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं : शेंगदाणे, रोज १ मूठ. शेजारी भिंतीवर माझाच तक्ता. त्यावर उघडा तळहात आणि तळहातावर दहा-बारा लालसर, अख्खे दाणे.

माझ्या खोलीपासून बालरोगतज्ज्ञांची खोली चौथी. आजींना घेऊन मी रांगेतून वाट काढत आत शिरले, बाहेरच्या बाया ओरडल्या. डॉक्टरांनी पोरीच्या छातीला नळी लावली. आधी डावीकडे, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. उजवीकडे श्वास नीट ऐकू येत नव्हता, आणि बारीक शिट्टीसारखा आवाज फक्त त्याच बाजूला होता. त्यांनी एक्स-रे काढायला लावला.

फिल्म बघून मी म्हटलं, "कुठे दिसतोय?" ते म्हणाले, दिसणारच नाही. नाणं दिसतं, खिळा दिसतो; दाणा एक्स-रेत दिसत नाही. दिसतो तो त्याचा परिणाम. उजवं फुफ्फुस डाव्यापेक्षा जास्त काळं आणि फुगलेलं होतं. दाणा श्वासनळीच्या फाट्यात सायकलच्या ट्यूबच्या व्हॉल्व्हसारखा बसला होता : श्वास घेताना नळी जराशी रुंदावते, हवा आत जाते, सोडताना नळी आवळते, हवा आतच कोंडते. ठसका थांबला, म्हणजे संकट टळलं असं घरच्यांना वाटतं. खरं तर दाणा नुसता खाली सरकून शांत बसलेला असतो. मग तो ओलाव्याने फुगतो, त्यातलं तेल नळीच्या आतल्या अस्तराला सुजवतं, आणि दोन-तीन दिवसांनी ताप-खोकला सुरू होतो. ठसक्याची गोष्ट कुणी विचारली नाही, तर औषध खोकल्याचंच मिळतं.

मी फाईल त्यांच्यापुढे सरकवली आणि ती ओळ दाखवली. ते क्षणभर बघत राहिले आणि म्हणाले, "मीसुद्धा ओपीडीत रोज दाणे-गूळ द्या, दाणे-गूळ द्या, असंच सांगतो." मग चिठ्ठी लिहायला लागले. आमच्याकडे दुर्बीण नाही. दोन तासांवरच्या मोठ्या दवाखान्यात पाठवायचं, पूर्ण भूल देऊन नळीतून दुर्बीण घालायची आणि चिमट्याने दाणा काढायचा. १०८ला फोन गेला.

गाडी यायला चाळीस मिनिटं लागली. भूल द्यायची म्हणून पोरीला आता काहीच द्यायचं नव्हतं. अकरा वर्षांत मी बायांना 'खायला घाला, थोडं थोडं घाला, दर दोन तासांनी घाला' याशिवाय दुसरं काही सांगितलं नसेल. त्या दिवशी मी बाकड्यावर आजींशेजारी बसून त्यांच्या पिशवीतल्या बिस्किटांच्या पुड्याची राखण करत होते. पोर पुड्याकडे हात करून रडायची, रडता रडता खोकायची, आणि प्रत्येक खोकल्याला माझ्या पोटात गोळा यायचा. त्यांच्या मुलाचा फोन लागला, तो परस्पर तिकडे निघाला. गाडीत चढताना आजी म्हणाल्या, "म्याडम, मग ह्या पोरीला वर आनायला काय देऊ?" मी उत्तर दिलं नाही. बरी होऊ दे आधी, असलं काहीतरी बोलले.

मी शेंगदाण्यावर एवढा जोर का देते, हेही सांगायला हवं. सुकामेवा म्हटलं की आमच्याकडे लोकांच्या डोळ्यापुढे बदाम येतो. उसने पैसे काढून पावशेर बदाम आणणारे बाप मी पाहिलेत. शेंगदाणा मात्र घरच्या पोत्यात असतो म्हणून त्याची किंमत नाही. वर 'पित्त होतं' हा शिक्का. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने तो हरभरा-तुरीच्या कुळातला, पण खाण्याच्या हिशेबाने त्याचं सगळं बदामासारखं : वजनाच्या साधारण पाव हिस्सा प्रथिनं आणि निम्म्याच्या आसपास तेल. प्रथिनांत तर तो बदामापेक्षा जराही मागे नाही. (कॅल्शियम बदामात जास्त, हे खरं, पण तीळ त्या दोघांनाही मागे टाकतात, आणि तीळ संक्रांतीनंतर डब्यात विसरले जातात.) सतरा महिन्यांच्या लेकराचं पोट वाटीएवढं. त्यात पातळ वरणभात भरला की ते भरतं, पण ताकद मिळत नाही. त्याच भातात दोन चमचे दाणे गेले, तर पन्नासेक कॅलरी वाढतात आणि वाटी तेवढीच राहते. तेव्हा सल्ला चुकीचा नव्हता. चुकलं होतं ते रूप.

आणि हे रूप आमच्या स्वयंपाकघरांना माहीत नाही असं थोडंच आहे? त्या दुपारी मी मावशींना सगळं सांगितलं. त्या भात ढवळत होत्या, वळल्यासुद्धा नाहीत. "माझी सासू लेकरांच्या हातात अख्खा दाणा कधी येऊ द्यायची न्हाई. खळं सुरू असलं की बारक्यांना हाकलायची. दाढा आल्याबिगर दाणा न्हाई, कूट खा म्हनायची." मग जरा थांबून, "तुमच्या त्या तक्त्याला मी मागंच म्हननार व्हते."

म्हणाल्या का नाहीत, हे मी विचारलं नाही. तक्ता माझा होता, मी शिकलेली होते.

रात्री पावणेदहाला डॉक्टरांचा फोन आला. निघाला. अर्धा दाणा, डाळीएवढा, फुगून मऊ झालेला. चिमट्यात धरताना तुटला, म्हणून दोनदा आत जावं लागलं. पोर शुद्धीवर आली होती, आजीला मिठी मारून झोपली होती. आई टोळीतून निघाली होती.

दुसऱ्या दिवशी मी तक्ता उतरवला. नव्यावर हात नाही, चमचा आहे. फायलीत आता 'कूट' लिहिते आणि त्याखाली रेघ ओढते : पाच वर्षांपर्यंत अख्खा किंवा अर्धा दाणा नाही, चिक्कीही नाही, फुटाणे नाहीत. पण लिहून काय होतं हे मला त्या मंगळवारी कळलं होतं, म्हणून आता आम्ही करूनच दाखवतो. मावशी मंद आचेवर दाणे भाजतात, गार करून सालं चोळतात, सुपात पाखडतात. त्याआधी निवडायचे. सुरकुतलेले, काळपट, बुरशी धरलेले दाणे बाजूला. इथे आजीबायांशी माझा हमखास वाद होतो, कारण त्यांना ते टाकवत नाहीत. भाजले की चालतात, असं त्यांचं म्हणणं. चालत नाहीत. त्या बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, तव्यावरच्या भाजण्याने पुरतं जात नाही आणि ते यकृतावर जातं. हे विष कळलंच मुळी शेंगदाण्याच्या पेंडीमुळे : १९६० साली इंग्लंडमध्ये ती पेंड खाऊन लाखभर टर्की पक्षी मेले होते, तेव्हा. ही गोष्ट सांगितली की आजीबाया कोंबड्यांचा विचार करतात आणि खराब दाणे टाकतात.

मग कूट. मिक्सर थांबवत थांबवत फिरवायचा. सलग फिरवला की तेल सुटून गोळा होतो, आणि तो चिकट गोळासुद्धा लहान्याच्या टाळ्याला आणि घशाला बसू शकतो. बोटांत चोळून बघायचं, एकही कणी लागता कामा नये. आणि कोरडं कूट तोंडात टाकायचं नाही, ठसका त्यानेही लागतो. ते मऊ भातात, कण्यांत, दुधात कुस्करलेल्या भाकरीत मिसळायचं. मोठ्यांसाठी म्हाद्या, म्हणजे दाण्याच्या कुटाचं कालवण, होतो तेव्हा तिखट घालायच्या आधी वाटीभर बाजूला काढला, की लेकराचं जेवण झालं. वेगळं रांधायला कुणाकडे वेळ आहे?

शेवटची दहा मिनिटं एका कापडी बाहुलीवर. लेकरू जोरात खोकत असेल तर खोकू द्यायचं, आवाज येतोय म्हणजे हवा जातेय. आवाज बंद झाला, तर वर्षाच्या आतलं लेकरू हातावर पालथं, डोकं खाली, दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच थापा, मग उताणं करून छातीच्या मधोमध पाच दाब. मोठं असेल तर पाठीतल्या थापांनंतर मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर आत-वर झटका. दिसत नसलेल्या गोष्टीसाठी तोंडात बोट घालायचं नाही. त्याने ती आणखी आत जाते. आणि ठसका थांबला तरी डॉक्टरला ठसक्याचं सांगायचं. हे शेवटचं वाक्य मी प्रत्येकीकडून एकदा म्हणवून घेते.

महिन्याने आजी पुन्हा आल्या, या वेळी सून बरोबर होती. पोरीचं वजन ७.९. ती वजनकाट्यावरून उतरायला तयार नव्हती. मी काही बोलायच्या आत आजींनी पिशवीतून स्टीलचा छोटा डबा काढला आणि झाकण उघडून माझ्यापुढे धरला. "बघा, म्याडम. बारीक हाय का?"

मी चिमूटभर कूट घेतलं आणि अंगठ्याने चोळलं. मऊ होतं. मग कुठेतरी खाली एक कणी टोचली. मी काही म्हणायच्या आधीच मावशींनी डबा माझ्या हातातून घेतला आणि खलबत्त्याकडे वळल्या.