छतातला दिवा आणि रंगाखालचा पत्रा

गेल्या मे महिन्यात नागपूरच्या सक्करदऱ्याहून एक निवृत्त शिक्षक त्यांची १९९८ सालची मारुती ८०० घेऊन माझ्याकडे आले. "भाऊ, गाडीला रंग दिल्यापासून हा दिवा असाच करून राहिला," असे म्हणत त्यांनी दार उघडले. छतातला दिवा विझत्या निखाऱ्यासारखा तांबूस दिसला, इतकेच. काकूंना रात्री कमी दिसत असल्यामुळे अंधारात सीटबेल्टची खाच सापडत नसे आणि म्हणूनच काकांना हा दिवा हवा होता. तोवर दोन ठिकाणी दाखवून फ्यूज व बल्ब बदलून झाले होते. एकाने एलईडी बल्बही बसवला होता, पण तो आठवडाभर लागला आणि नंतर लुकलुकू लागला.

मी प्रथम दिव्याचा खटका कायम चालू ठेवण्याच्या बाजूला सरकवला, तेव्हा तोच बल्ब लख्ख पेटला. म्हणजे बॅटरीपासून बल्बपर्यंतचा करंट, फ्यूज आणि बल्ब हे तिन्ही निर्दोष होते. या गाडीत दिव्याला करंट सतत मिळतो आणि दाराच्या चौकटीतले बटण त्याला फक्त अर्थिंग देते, म्हणजे करंटला गाडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या ऋण टोकाकडे परतू देते. दार उघडले की बटणाची दांडी बाहेर येते आणि बटणाच्या स्क्रूमधून पत्र्यावाटे परतीची वाट पूर्ण होते. दोष त्या परतीच्या वाटेतच असणार, हे उघड होते.

आधीच्या कारागिराने बटणाची वायर सोडवून मीटर लावला होता आणि १२ व्होल्ट दिसताच वायर ठीक असल्याचे सांगितले होते. माझ्या मते चूक तिथेच झाली, कारण वायर सुटी असताना भार नसतो, म्हणजे तिच्यातून करंट वाहत नाही, आणि बल्बमधून आलेला पूर्ण व्होल्टेज मीटरवर दिसतोच. मी वायर जोडलेली ठेवली, दार उघडे ठेवले, मीटरचे एक टोक बटणाच्या धातूच्या कड्याला आणि दुसरे बॅटरीच्या ऋण टोकाला लावले. तिथे जवळजवळ शून्य यायला हवे होते. मीटरने आठ व्होल्टच्या वर दाखवले. एलईडीला फारच थोडा करंट पुरतो, म्हणून या सदोष वाटेवरही तो काही दिवस तगला होता.

उन्हाने पत्रा असा तापला होता की हाताखाली फडके घेऊनच बटण काढावे लागले. स्क्रूच्या छिद्राभोवती पांढरा रंग आणि त्याखाली करडा प्रायमर यांचा जाड थर होता. रंगकाम करताना बटणे काढलेली नसतील, तर ती निदान झाकायला हवी होती, असे मला मनापासून वाटते. नखाएवढी जागा पॉलिश पेपरने पांढऱ्या चकचकीत धातूपर्यंत घासली, बटणाचे कडेही साफ केले, स्क्रू आवळला आणि गंज धरू नये म्हणून वरून व्हॅसलीन लावले. दुसऱ्या दाराचीही तीच कथा होती.

सगळी दारे बंद करून बॅटरीच्या ऋण टोकाशी मीटर जोडला, कारण बटण नीट दाबले गेले नाही तर दहा वॉटचा बल्ब ३५ अँपिअर-तासांची बॅटरी दोन दिवसांच्या आत संपवतो. मीटर २० मिलिअँपिअरच्या आत थांबला, म्हणजे दारे बंद असताना दिवा पूर्ण विझत होता.

संध्याकाळी उशिरा गाडी न्यायला काकांबरोबर काकूही आल्या. दार उघडून त्या बसल्या आणि दिव्याकडे न पाहता त्यांनी पहिल्याच प्रयत्नात सीटबेल्ट लावला.