आमची वाटचाल : दोरीवर लावलेली चाकं

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या एका गाळ्यात 2006 च्या दसऱ्याला आम्ही दोरी ताणून चाकं सरळ लावायच्या, म्हणजे अलाइनमेंटच्या, कामाचा नारळ फोडला. त्या दिवशी आत काय काय होतं ते आधी सांगतो, कारण त्यातल्या निम्म्या वस्तू आजही रोज हातात असतात. चार लोखंडी घोड्या, मासेमारीच्या नायलॉन दोरीचं एक रीळ, 150 मिमीची स्टीलची पट्टी, लेव्हल पाईप आणि पितळी ओळंबा. पाईप आणि ओळंबा माझ्या वडिलांचे. ते गवंडी होते. चाकांच्या जागी चार शहाबादी फरश्या त्यांनीच बसवून दिल्या आणि पाईपातल्या पाण्यावर चारही एका पातळीत आणल्या. त्या कामाला त्यांना अख्खा दिवस लागला. लोक मशीनला लाखो रुपये घालतात आणि गाडी उतरत्या कोब्यावर उभी करतात. जमीन पातळीत नसेल तर कॅम्बरचा, म्हणजे उभं चाक आत-बाहेर किती कललंय त्याचा, कुठलाच आकडा खरा नसतो.

भांडवल माझं, साठ हजार. हात वस्तादांचे. वस्ताद एस.टी.च्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले फिटर. भागीदारीचा कागद झाला नाही, कधी गरजही पडली नाही. त्यांचा क्रम ठरलेला होता. आधी हवा, मग टायर, मग चाक वळवणाऱ्या टाय रॉडचे एंड, मग चाक खालून धरणाऱ्या लोअर आर्मचे रबरी बुश. यातलं एकही ढिलं निघालं तर दोरी बांधायचीच नाही. गिऱ्हाईक चिडायचं, "अहो, फक्त अलाइनमेंट करा म्हटलंय." वस्ताद म्हणायचे, "दात हलतोय आणि तुम्हाला पॉलिश पाहिजे काय?"

गाडी लो करायचं, म्हणजे खाली बसवून जमिनीजवळ आणायचं, खूळ आमच्याकडे आलं ते स्विफ्टबरोबर. 2005 ला ती आली, आणि दोन-तीन वर्षांत कॉलेजची पोरं दारात उभी. "दादा, जरा बसवा की गाडी." बाहेरचे कॉइलओव्हर, म्हणजे उंची कमी-जास्त करता येणारे स्प्रिंग-शॉकअपचे संच, कोणाला परवडणार? लोअरिंग स्प्रिंगचा सेटसुद्धा बापाला विचारल्याशिवाय घेता येत नव्हता. म्हणून स्प्रिंग कापायच्या. पण आमचं पहिलं लो काम स्विफ्टचं नाही, आमच्या सरांच्या झेनचं.

सर इथल्याच एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे. सासुरवाडी सावंतवाडीची. आंबोली घाटात प्रत्येक वळणाला गाडी कलायची आणि बाईंना गाडी लागायची. सरांनी विचारलं, "एक इंच खाली घेतली आणि स्प्रिंग थोडी कडक झाली तर कलणं कमी होईल ना?" वस्ताद म्हणाले होईल, पण मूळच्या स्प्रिंगांना हात लावायचा नाही. जुन्या बाजारातून झेनच्याच दुसऱ्या स्प्रिंगा आणल्या, मूळच्या पोत्यात बांधून सरांच्या माळ्यावर गेल्या. ही सवय आम्ही कधी सोडली नाही. कापलेली स्प्रिंग परत जोडता येत नाही.

कापायची कशी, हे इथे लिहितोच, कारण चुकीचं शिकवणारे फार झालेत. ग्राइंडरची पातळ डिस्क, शेजारच्या वेटोळ्याला ओलं फडकं, आणि घाई नाही. गॅसकटर अजिबात नाही. स्प्रिंगच्या पोलादाला कारखान्यात पाणी दिलेलं असतं. गॅसची ज्योत लागली की तेवढ्या जागी ते उतरतं, मग स्प्रिंग तिथे बसते नाहीतर तुटते. आधी अर्धंच वेटोळं कापा, बसवा, गाडी पुढे-मागे ढकलून खाली बसू द्या, मोजा. मग पुढचं अर्धं. कापलेलं टोक, स्प्रिंग ज्या बशीत बसते, तिच्या पायरीला टेकलंच पाहिजे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जॅकवर चाक पूर्ण लोंबतं सोडा आणि स्प्रिंग हाताने हलवून बघा. ती बशीत खुळखुळली तर जास्त कापली गेलीय. ती गाडी रस्त्यावर जाता कामा नये.

सरांनी त्या दिवशी शटरवर खडूने गणित मांडून दाखवलं. काम करणारी वेटोळी सहा असतील आणि एक कापलं, तर उरलेली स्प्रिंग सहाला पाच, म्हणजे 20 टक्के कडक. वस्तादांना हे हाताला माहीत होतं, पण आकडा ऐकून ते खूश झाले.

खरं काम त्याच्यानंतर सुरू होतं. गाडी खाली आली की लोअर आर्मचा कोन बदलतो, टाय रॉडचा बदलतो, आणि दोन्ही सारखे बदलत नाहीत. टो, म्हणजे चाकाचं तोंड आत-बाहेर किती वळलंय ते, हलतो. कॅम्बर आत जातो. लोअर आर्मचे बोल्ट सैल करायचे आणि गाडी चाकांवर उभी असताना, नव्या उंचीला, परत आवळायचे. जॅकवर आवळले तर रबरी बुश कायम पिळलेला राहतो आणि काही महिन्यांत फाटतो. हे दहातले नऊ जण करत नाहीत. मग दोऱ्या. गाडीच्या दोन्ही अंगांना चाकाच्या मध्याच्या उंचीवर एकेक दोरी, एकमेकींना समांतर. पुढची आणि मागची चाकं सारख्या रुंदीवर नसतात, त्यामुळे दोरी टायरला टेकवून चालत नाही, चाकाच्या मधल्या हबपासून मोजून लावायची. नंतर रिमच्या पुढच्या कडेपासून आणि मागच्या कडेपासून दोरीपर्यंतचं अंतर घ्यायचं. फरक म्हणजे टो. पुढच्या चाकांखाली दोन-दोन पत्रे, मध्ये ग्रीस, म्हणजे चाक जखडून राहत नाही. कॅम्बरला ओळंबा. झेनच्या 12 इंची रिमवर 1 अंश म्हणजे रिमच्या वरच्या आणि खालच्या कडेत सव्वापाच मिमी. आधी कॅम्बर, टो शेवटी, कारण कॅम्बरचा बोल्ट फिरवला की टो परत हलतो.

1 मिमीने काय होतं, असं पोरं विचारतात. सरांचं उत्तर आमच्या भिंतीवर ऑइलपेंटने लिहिलेलं आहे: 12 इंची रिमवर 1 मिमी टो चुकला तर किलोमीटरमागे टायर सव्वातीन मीटर आडवा घासतो. कोल्हापूर ते पुणे किती, तुम्हीच गुणा.

सरांची झेन दर पाच हजार किलोमीटरला यायची. वही त्यांचीच, दोनशे पानी. तारीख, किलोमीटर, हवा, चारही चाकांचे आकडे, टायरच्या खाचेची खोली आत-मध्ये-बाहेर. आमच्या हातचं काम कसं टिकतं याचा लेखी पुरावा त्या वहीखेरीज जगात कुठे नाही.

2012 पर्यंत काम बरं चाललं. दोन पोरं हाताखाली आली, टू-पोस्ट लिफ्ट घेतली.

त्यातलं एक पोर तीन वर्षं आमच्याकडे शिकलं. दोरी कशी ताणायची ते वस्तादांनी त्याचा हात धरून शिकवलं. 2012 च्या शेवटी त्याने शंभर पावलांवर स्वतःचा गाळा टाकला. टाकावा, मी पेढे घेऊन गेलो होतो. काचेची केबिन, कर्जावर घेतलेलं कॅमेऱ्याचं मशीन, रंगीत प्रिंट. आणि बाहेर बोर्ड, अर्ध्या तासात गाडी लो. अर्ध्या तासात म्हणजे कशी, तर चाकसुद्धा न काढता, कमानीतूनच स्प्रिंगला गॅस. आमच्याकडे त्याच कामाला दीड दिवस आणि तिप्पट पैसे. पोरं तिकडे गेली. मशीनबद्दल माझी तक्रार नाही, चांगलं मशीन दोरीपेक्षा लवकर आणि बारीक मोजतं. पण मशीन आकडे हिरवे दाखवतं, स्प्रिंग शिजलीय हे दाखवत नाही.

2013 च्या जुलैत इचलकरंजीची एक पांढरी स्विफ्ट आमच्याकडे आली. पुढे गॅसने बसवलेली, मागे कापलेली. पुढचे टायर आतून दोरे दिसेपर्यंत खाल्लेले. पोरगं म्हणालं, नवे टायर टाकलेत, फक्त टो लावून द्या. लिफ्टवर घेतली तर मागची उजवी स्प्रिंग हातात फिरत होती. वस्ताद म्हणाले, "ही गाडी घ्यायची नाही." मी घेतली. बाजार थंड होता, हप्ता तोंडावर होता. टो नीट लावला. बिलावर माझ्या अक्षरात लिहिलं: 'मागच्या स्प्रिंग सैल आहेत, त्वरित बदलाव्यात.' त्याची सही घेतली.

नऊ दिवसांनी गगनबावड्याच्या पुढे करूळ घाटात मागचं चाक खड्ड्यात गेलं, स्प्रिंग बशीतून उडाली आणि टायरवर आली. टायर फुटला. गाडी डोंगराकडच्या गटारात जाऊन अडकली. दुसऱ्या बाजूला गेली असती तर मी आज हे लिहीत नसतो. पोराच्या कपाळाला तीन टाके पडले, बाकी सगळे सुखरूप.

दुसऱ्या दिवशी त्याचे वडील पाच माणसं घेऊन माझ्या दारात. हातात माझं बिल. गॅस लावणाऱ्याने बिल दिलंच नव्हतं, त्यामुळे त्या गाडीवर काम केल्याचा कागद एकट्या माझाच. मी ती ओळ दाखवली, सही दाखवली. ते म्हणाले, "दिसत होतं तर गाडी सोडलीच कशी?" या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हाही उत्तर नव्हतं, आजही नाही. अडतीस हजार दिले. पण स्प्रिंग मी कापली नव्हती. हे मी त्या दिवशी सांगितलं, पुढची दहा वर्षं सांगतोय, आणि अजूनही कोणीतरी येऊन विचारतं, "घाटात गाडी उडाली ती तुमच्याकडचीच ना?" शंभर पावलांवरचा गाळेवाला एक शब्द बोलला नाही. त्याने फक्त खरं काय ते सांगितलं असतं तरी पुरे होतं. गॅस त्याने लावला होता, त्याला ठाऊक होतं. उलट त्याच्या गिऱ्हाइकांना गोष्ट माझ्या नावाने कळत गेली.

पुढचे चौदा महिने मी मोजून काढले. काही आठवड्यांत दोनच गाड्या. लिफ्ट विकली. बायकोच्या पाटल्या सोसायटीत गहाण गेल्या, तिने एका शब्दाने विचारलं नाही. राहिलेलं दुसरं पोर मी पाठवून दिलं. वस्तादांनी पगार घेणं बंद केलं आणि तरी सकाळी नऊला शटर उघडायला तेच यायचे.

त्या काळात सर दर शनिवारी येऊन बसायला लागले. झेनचं काम नसायचं. बाकड्यावर वही घेऊन बसायचे, आणि कोणी चौकशीला आलं की वही त्याच्या हातात द्यायचे. पुढच्या टायरांचा पहिला जोड 52,000 किलोमीटर, लो केलेल्या गाडीवर, आत-बाहेर खाचेत अर्ध्या मिमीचा फरक. "हे घाटातल्या गाडीवाले का?" असं एकाने माझ्यासमोर विचारलं, तेव्हा सरांनी त्याला चाकाखाली वाकायला लावून बुशपासून दोरीपर्यंत सगळं समजावून सांगितलं, तासभर. त्याच्या दोन टॅक्स्या आमच्याकडे लागल्या. मग सरांच्या कॉलेजातल्या गाड्या, मग त्यांच्या नातेवाइकांच्या. 2014 च्या दिवाळीत पाटल्या सुटल्या.

नंतरच्या वर्षांचं सांगण्यासारखं फार नाही. वापरलेलं मशीन घेतलं, तरी प्रत्येक लो गाडीला दोरी लावून मशीनचा आकडा पडताळतो. स्प्रिंग खुळखुळत असेल तर टोसाठीसुद्धा गाडी आत घेत नाही, मग समोर मित्र असो की पाहुणा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि जानेवारी 2019 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, दोन्ही छापून भिंतीला लावलेत. नोंदणीच्या कागदाशी न जुळणारा बदल चालत नाही. म्हणून रस्त्यावरच्या गाडीचं लो काम आता मागणाऱ्याला आधी आरटीओत विचारून यायला सांगतो, आणि बहुतेक कामं ट्रॅकवरच्या गाड्यांची किंवा दुसरीकडे बिघडवलेल्या गाड्या परत मूळ उंचीला आणायची असतात. नव्या पोरांनो, स्विफ्टचं पोट कंपनीतून जमिनीपासून 163 मिमीवर येतं, नियमातला गतिरोधक 100 मिमी उंच असतो, आणि आपल्या गावातला नियमात नसतो. चार माणसं बसवून मोजा, मग कापायचं बोला. टायरचे पैसे बाजूला ठेवल्याशिवाय स्प्रिंगला हात लावू नका.

वस्ताद 2017 मध्ये गेले. त्यांचा पाना-सेट मी वापरत नाही, तेल लावून ठेवतो.

सर 2021 मध्ये गेले. झेन आता त्यांच्या मुलीकडे पुण्यात आहे, पुन्हा नोंदणी करून घेतलेली. ती दर दिवाळीला आईला भेटायला येते आणि गाडी आमच्याकडे आणते. मागच्या वर्षी मी म्हटलं, ताई, पुण्यात चांगली मशीनं आहेत, टायर घासायची वाट कशाला बघता? तिने डिकीतून वही काढून दिली. दुसरी दोनशे पानी, पहिली भरली होती. उजवं पुढचं चाक 1 मिमी आत निघालं. लोअर आर्मचे बोल्ट सैल करून, गाडी चाकांवर उभी ठेवून परत आवळले, टो शून्यावर आणला. वहीत तारीख, किलोमीटर आणि चारही आकडे मी लिहिले, आणि सरांची सही असायची त्या रकान्यात तिने सही केली.