तुम्ही विचारलंत म्हणून: भुरीला तळ्याकाठी मोकळं का सोडत नाही?

तळ्याच्या कडेने, दलदलीतल्या बांधावरून माझ्या कुत्रीला, भुरीला, घेऊन चालले की समोरून येणारं कुणीतरी हमखास म्हणतं, "अहो, सोडा की तिला! एवढी मोकळी जागा आहे, पळू दे बिचारीला." मी हसते आणि "नको, बरं आहे असंच" म्हणून पुढे सरकते. पूर्ण उत्तर वाटेत उभं राहून देण्याइतकं छोटं नाही. ते इथे देते.

पहिली गोष्ट म्हणजे ही जागा मोकळी नसते. आपल्याला ती तशी दिसते, कारण आपण झाडं आणि भिंती मोजतो. पाणथळ जागेत पाणी टीचभर खोल-उथळ झालं तरी राहणारा बदलतो. लांब पायांचा शेकाट्या पक्षी जिथे उभा असतो तिथे तुतवार बुडेल, म्हणून तुतवार काठाला. त्याच्याही अलीकडे ओल्या चिखलात चिखल्या, लव्हाळ्याच्या दाटीत पाणकोंबडी, तरंगत्या पानांवर कमळपक्षी. आणि जो कोरडा, उघडा, खडकाळ तुकडा बघून "इथे तर काहीच नाही" असं वाटतं, नेमका तिथे टिटवीचा संसार असतो. घरटं म्हणावं असं काही नसतंच. जमिनीत जरासा खळगा, कडेला चार खडे, आत बहुधा चार अंडी, निमुळती टोकं आत वळवलेली. मातीच्या रंगावर काळपट डाग. दोन पावलांवरून पाहिलं तरी नजर त्यांच्यावरून घसरून जाते. कुत्र्याच्या पायाला तर ती दिसण्याचा प्रश्नच नाही.

टिटवी निदान आरडाओरडा करते, डोक्यावरून झेपावते, वाट सोडायला लावते. चिखल्याची तऱ्हा वेगळी. तो पंख मोडल्याचं नाटक करतो. एक पंख जमिनीवरून फरफटत, लंगडत, कुत्र्याच्या नाकासमोरून जातो आणि त्याला अंड्या-पिलांपासून लांब नेतो. पुरेसा लांब आला की दोन्ही पंख धड होतात आणि स्वारी उडून जाते. मोकळं कुत्रं या नाटकाला दर वेळी फसतं. बघायला गंमत वाटते खरी, पण तेवढा वेळ अंडी उघडी असतात. कडक उन्हात ती फार वेळ तशी राहिली तर आतला जीव टिकत नाही, आणि वर कावळा असतोच.

"आमचा काही करत नाही हो" हे वाक्य इथेच निकामी होतं. तो काही करत नसेलही. पक्ष्याला कुठे माहीत, हा घरी सोफ्यावर झोपतो ते? त्याला दिसतं ते असं: चार पाय, खाली घातलेलं नाक, दुडकी चाल. म्हणजे कोल्हा. मग तो उठतो. वारकरी पक्षी उठताना बघा. जड अंगाचा हा काळा पक्षी एकदम हवेत जाऊच शकत नाही. पाण्यावर फटफट पावलं मारत लांबपर्यंत धावतो, तेव्हा कुठे अंग उचललं जातं. या धावण्याला जे इंधन लागतं ते त्याने चरून जमवलेलं असतं. स्थलांतर करणाऱ्या पक्ष्याला परतीच्या प्रवासाआधी अंगावर चरबी चढवायची असते. त्याला दिवसातून पाच-सात वेळा कुणी विनाकारण उठवलं तर त्याचं गणित चुकतं. कुत्र्याने एकही पक्षी पकडला नाही तरी चुकतं. 1971 साली इराणमधल्या रामसर गावी पाणथळ जागांचा जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याच्या मूळ नावातच पाणपक्ष्यांच्या अधिवासाचा खास उल्लेख आहे. या जागांचे पहिले रहिवासी कोण, ते तिथेच लिहून ठेवलंय.

आता मलाही फार आवडत नाही असा भाग. पट्टा लावला म्हणजे आपण सुटलो, असं नाही. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळच्या रानात झालेला एक अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. पाणथळ जागेतला नव्हे, झाडीतला. त्यात पट्ट्याला बांधलेली कुत्री वाटेने नेल्यावर तिथे दिसणाऱ्या पक्ष्यांची संख्या 41 टक्क्यांनी आणि जातींची संख्या 35 टक्क्यांनी घटली. माणूस एकटा चालत गेला तर होणारा परिणाम साधारण याच्या निम्म्याहून कमी होता. सगळ्यात जास्त बिथरले ते जमिनीवर वावरणारे पक्षी. आणि जिथे रोज कुत्री फिरवली जातात तिथेही पक्ष्यांना सवय झालेली नव्हती. हे वाचल्यापासून विणीच्या हंगामात मी पाण्याजवळची वाट सोडून देते. इंग्लंडमध्ये तर खुल्या प्रवेशाच्या माळरानांवर 1 मार्च ते 31 जुलै या काळात कुत्रा दोन मीटरपेक्षा लांब नसलेल्या पट्ट्यावरच ठेवायचा, असा कायदाच आहे. माझाही पट्टा तेवढाच. ती चाकातून सुटत जाणारी लांब दोरी दलदलीत नकोच. लव्हाळ्यात गुंतते, आणि आपण ती सोडवत बसतो तोवर व्हायचं ते होऊन जातं.

मग भुरीचं काय? बिचारी का? बघा हं, कुत्र्याची मजा म्हणजे धावणं, हे आपण ठरवलंय. भुरीला विचारलं तर ती वास म्हणेल. कुत्र्याचं नाक फार हुशारीने बनलेलं आहे. हवा समोरून आत घेतली जाते आणि सोडली जाते ती नाकपुड्यांच्या बाजूच्या चिरांमधून, त्यामुळे बाहेर जाणारा श्वास समोरचा वास उधळून लावत नाही. आत गेलेल्या हवेचा एक भाग थेट मागच्या, फक्त वासासाठी राखलेल्या कप्प्यात जातो. त्यात ओलावा असला की वास जास्त चांगला लागतो. म्हणजे ओली माती, कुजलेलं गवत आणि सकाळची दमट हवा असलेली तळ्याकाठची वाट भुरीसाठी किती भरगच्च असेल!

एका ठिकाणी गवत आडवं झालेलं असतं, पाण्याकडे उतरणारी हातभर रुंदीची घसरण. मी ते नुसतं आडवं गवत म्हणून पाहते. भुरी तिथे खिळते. आधी लांबून एक मोठा श्वास, मग भराभर छोटे छोटे, नाकपुड्या थरथरतात, एक कान मागे जातो. मग एकाच पात्याला खालून वर, वरून खाली हुंगणं. शेजारच्या दगडावर माशांचे खवले चमकणारी विष्ठा दिसली तेव्हा मलाही उलगडलं: पाणमांजर येऊन गेलंय. त्यात लोळायला मिळावं ही तिची मनापासूनची इच्छा, आणि न लोळू देणं हे माझं काम. यावर आमचं कधीच एकमत होत नाही.

या हुंगण्याला मी घाई करत नाही. पट्टा ढिला सोडते, हार्नेस असल्याने गळ्याला ओढ बसत नाही, आणि उभी राहते. 2019 च्या एका अभ्यासात दोन आठवडे नाकाने शोधायचा खेळ खेळलेली कुत्री नंतरच्या चाचणीत जास्त आशावादी वागली. मालकाच्या पायाशी चालायचा सराव केलेल्या कुत्र्यांमध्ये तो फरक दिसला नाही. भुरी घरी येऊन ज्या तृप्तीने आडवी होते ती पाहता मला याचं नवल वाटलं नाही.

"निदान पोहू तरी दे" असंही म्हणतात. तिथे माझा नकार आणखी ठाम आहे. उबदार, साचलेल्या पाण्यात नील-हरित शेवाळ माजतं. नाव शेवाळ, पण असतात ते जिवाणू. हिरवा ऑइलपेंट सांडावा तशी साय पाण्यावर दिसते आणि वारा ती ढकलून एका काठाला जमवतो. काठी घालून बघावी: काठीला केसांसारखे धागे लोंबले तर ते बहुधा साधं शेवाळ, नुसता रंग लागला तर लांब राहावं. पाणी स्वच्छ दिसलं म्हणजे निर्धोक असंही नाही. यातली काही विषं यकृतावर जातात, काही मज्जासंस्थेवर. कुत्रं पाणी पितं आणि बाहेर येऊन अंगही चाटतं, म्हणजे दोनदा विष. लाळ गळणं, उलट्या, थरथर, झटके हे काही मिनिटांतही सुरू होऊ शकतं आणि त्यावर उतारा म्हणून औषध नाही. लगेच स्वच्छ पाण्याने धुवायचं आणि तडक डॉक्टर गाठायचा. लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या आजाराचे) जंतू उंदीर-गुरांच्या मुतातून साचलेल्या पाण्यात येतात. त्याची लस दर वर्षी द्यायची, कारण तो आजार कुत्र्याकडून आपल्यालाही होतो.

उलट बाजूनेही बघायला हवं: आपलं कुत्रं पाण्याला काय देतं? गोचिडांसाठी मानेवर जे थेंब टाकतो ते कीटकनाशक असतं. इंग्लंडमधल्या 20 नद्यांच्या पाण्याचे नमुने तपासले तेव्हा 98 टक्के नमुन्यांत फिप्रोनिल हे असलंच एक कीटकनाशक सापडलं, आणि पाळीव प्राण्यांवरची औषधं हा त्याचा मोठा स्रोत असावा, असं संशोधकांचं म्हणणं आहे. त्याच पाण्यात चतुरांची पिलं वाढतात. त्यामुळे तळ्याकाठी जाणाऱ्या कुत्र्यासाठी थेंबांऐवजी गोळी चालेल का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. फिरून आल्यावर कानामागे, बोटांच्या बेचक्यांत, काखेत हात फिरवून गोचीड बघायची आणि दिसली तर चिमट्याने सरळ वर ओढून काढायची. तेल, काडी असले उद्योग नकोत.

आणि शी उचलायची. रानात काय उचलायचं, खतच होतंय की, हा युक्तिवाद मी फार ऐकलाय. बेल्जियममध्ये गेंट शहराजवळच्या राखीव जागांचा हिशेब 2022 मध्ये मांडला गेला: कुत्र्यांच्या शी-शूमधून दर हेक्टरी वर्षाला 11 किलो नत्र आणि 5 किलो स्फुरद जमिनीत जातं. हे खत तिथे कुणालाच नको असतं. कसदार जमिनीत हावरट गवतं माजतात आणि नाजूक वनस्पती मरतात. स्फुरद पाण्यात उतरलं की वर सांगितलेल्या त्या हिरव्या सायीचं फावतं. पट्ट्यावरची कुत्री तर सगळं वाटेच्या कडेलाच करणार, म्हणजे तिथे थर जास्त. पण त्याच हिशेबाप्रमाणे नुसती शी उचलली तरी स्फुरद जवळजवळ सगळं, 97 टक्के, आणि नत्र 56 टक्के कमी होतं. पिशवी मात्र घरी न्यायची. गाठ मारून झुडपाला लटकवणाऱ्यांबद्दल मी इथे काही लिहीत नाही.

पक्षी बघायला येणारे मला उलटा प्रश्न विचारतात: मग आणतेसच कशाला तिला? रास्त आहे. अनेक अभयारण्यांत कुत्र्यांना प्रवेशच नसतो. तिथे मी एकटी जाते, भुरी घरी राहते, त्यावर घासाघीस करत नाही. जिथे परवानगी आहे तिथे बाहेरच्या बांधावरून जातो आणि पक्ष्यांच्या माना बघत चालतो. चरणारे पक्षी खाणं थांबवतात, माना ताठ करतात, मग एकमेकांच्या जवळ सरकत पाण्याकडे चालू लागतात. उडणं त्याच्या नंतरचं. माना वर झाल्या की आम्ही वळतो. भुरी तक्रार करत नाही. उलट फिरल्यावर वारा दुसऱ्या बाजूने लागतो आणि तिला ती वाट पुन्हा पहिल्यापासून हुंगायची असते, त्यामुळे उशीर होतो तो मलाच.