रीस्टार्ट करू नकोस

"सर, एरर आलाय. रीस्टार्ट करून बघू का?"

"कशालाही हात लावू नकोस!" मी ओरडलोच.

तालुक्याच्या गावातलं वाचनालय. दुर्मिळ अंकांचे सगळे स्कॅन तिथल्या एकाच उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) मशीनवर, दुसरी प्रत कुठेच नाही. त्या प्रतीसाठीच नवी डिस्क आणली होती. तिथल्या मुलाने एफडिस्क, म्हणजे डिस्कचे भाग (पार्टिशनं) पाडायचं साधन, उघडताना एसडीबी या नव्या डिस्कऐवजी एसडीए, म्हणजे चालू डिस्कचं नाव लिहिलं. मग जी, एन, डब्ल्यू: नवं टेबल, नवं पार्टिशन, लिहून टाक. चालू डिस्कवरच नवं जीपीटी टेबल, म्हणजे कुठलं पार्टिशन कुठे आहे याचा नकाशा, बसलं. जीपीटीची राखीव प्रत डिस्कच्या शेवटी असते, पण एफडिस्क तीही नव्याने लिहितो. 'जुनी सिग्नेचर (आधीच्या फाइल सिस्टीमची खूण) पुसू का' याला मुलगा 'नाही' म्हणाला, तेवढं नशीब. पुढे फॉरमॅट करायला गेला तर फॉरमॅट करणारं एमकेएफएस म्हणालं, पार्टिशन माउंट (वापरात जोडलेलं) आहे, करणार नाही. तेव्हा त्याने फोन लावला.

तिन्ही पार्टिशनं वापरात असल्यामुळे कर्नलकडे, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याकडे, मेमरीत जुनाच नकाशा शाबूत होता. रीस्टार्ट केलं असतं तर तो गेला असता, मग टेस्टडिस्क या हरवलेली पार्टिशनं शोधणाऱ्या साधनाने अख्खी डिस्क चाळत बसायचं. एफडिस्कचा संदेश सांगतो, नवं टेबल पुढच्या रीबूटला लागू होईल. नवख्याला तो रीबूट करण्याचा सल्लाच वाटतो. हा संदेश बदलायलाच हवा.

आधी प्रत. नव्या डिस्कचं मॉडेल आणि सिरियल नंबर दोनदा वाचून घेतले, मगच स्कॅन तिच्यावर उतरवले. त्यात संध्याकाळ झाली.

मग आकडे. कर्नल स्वतःची माहिती दाखवतो त्या सिस फोल्डरमध्ये प्रत्येक पार्टिशनच्या स्टार्ट आणि साइज अशा फाइली असतात, मोजमाप ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये, म्हणजे डिस्कच्या छोट्या तुकड्यांमध्ये. पहिलं २०४८ वर सुरू, लांबी १०४८५७६. दुसरं १०५०६२४ वर, लांबी २०९७१५२००. तिसऱ्याच्या सुरुवातीचा आकडा मी लिहून घेतला २१०७६५८३४. बेरीज करून पाहिली तर शेवटी २४ यायला हवे होते. मुलगा फोनवर चोवीस म्हणाला होता, मला चौतीस ऐकू आलं. दहा सेक्टर, म्हणजे ५१२० बाइट. तेवढ्यानेही एक्स्ट४ या फाइल सिस्टीमचा सुपरब्लॉक, म्हणजे तिची मुख्य नोंद, जागेवर सापडला नसता. त्यानंतर एकेक अंक सुटा वाचून घेतला.

पहिल्या पार्टिशनचा जुना जीयूआयडी (ओळख क्रमांक) ईएफआयबूटएमजीआर या बूटच्या नोंदी दाखवणाऱ्या साधनात मिळाला, तोही एसएफडिस्कच्या (यादीवरून टेबल लिहिणाऱ्या साधनाच्या) यादीत घातला. टेबल लिहिलं. आता रीस्टार्ट.

"सर, आलं. सगळं आहे."

दुसऱ्या दिवशी समितीने ठरवलं, मुलाने यापुढे मशीनला हात लावायचा नाही. तिथे बॅकअप घ्यायचं सुचलं ते त्या एकट्याला, आणि अडल्यावर रेटून न नेता विचारलंही त्यानेच. मी भांडलो. ठराव झालाच. नवी डिस्क आता कपाटात, कुलपात. पुढची प्रत कोण घेणार, असं विचारलं तेव्हा कोणी बोललं नाही.